पोओपोचा रंग

इलारियाला पहिली शंका आली ती भातावरून.

तिचा नवरा कासियानो आमच्या शाळेत भूगोल शिकवतो. पानात पडेल ते निमूट खाणारा माणूस. आणि आमच्या पठारावर पानात पडून पडून काय पडणार? गोठवून वाळवलेले काळे बटाटे, लामाचं सुकं मांस, फार तर किन्वाची पेज. त्या दिवशी मात्र त्यानं बटाटे ताटाच्या कडेला सारले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अगं, तुला सुक्या मांसाचा भात येतो का? वर अंडं आणि तळलेलं केळं ठेवतात, तो?"

"कोण ठेवतं?"

"बेनीकडे ठेवतात."

"तू कधी गेला होतास बेनीला?"

"गेलो नाही. ऐकलंय."

कुणाकडून, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. इलारिया माझी मावसबहीण. मी त्याच शाळेत पहिलीचा वर्ग घेते. चूल पेटवायला मदत करते असं दाखवत ती म्हणाली, "तेओ, ती तुमची नवी बाई डब्यात काय आणते गं?"

"भात," मी म्हटलं.

"वर केळं असतं?"

मी चुलीत फुंकर घातली. केळं असायचं.

नवी बाई म्हणजे मेर्ली नोसा. फेब्रुवारीत शाळा उघडली तेव्हा बेनीहून बदलून आली. बेनी म्हणजे आमच्या बोलिव्हियाचं दुसरं टोक. आम्ही ढगांच्या बरोबरीनं राहणारे, ते लोक पार खाली, नद्या आणि जंगलांत. आम्ही त्यांना कांबा म्हणतो, ते आम्हाला कोया. आणि दोन्हीकडे हे शब्द शिवीसारखे वापरता येतात. मेर्ली आली ती अंगावर तीन स्वेटर चढवून. जिना चढली की धापा टाकायची आणि धापा टाकताटाकताच हसायची. आमच्याकडे बायका तोंडावर हात ठेवून हसतात. ही डोकं मागे टाकून हसायची, मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं. पोरं दोन दिवसांत तिची झाली.

मुख्याध्यापक सेवेरो सरांच्या डोक्यात त्या वर्षी एक खूळ होतं. मार्चच्या तेविसाव्या तारखेला देशभर समुद्राचा दिवस पाळतात. फार पूर्वी लढाईत चिलीनं आमचा किनारा घेतला, तेव्हापासून आम्ही दर वर्षी त्या समुद्रासाठी बँड वाजवतो, भाषणं करतो. सरांना त्या दिवशी शाळेच्या अंगणात देशाचा नकाशा उभा करायचा होता. उभा म्हणजे खराच. सिमेंटचा, खोलीएवढा. डोंगर उंच, दऱ्या खोल, नद्या कोरलेल्या.

"पहाड आणि पठार कासियानो सर," ते म्हणाले. "खालचा मुलूख मेर्ली बाई. सीमेवर भांडू नका."

सगळे हसले. मेर्ली सगळ्यांत जास्त.

मग रोज दुपारी शाळा सुटली की दोघं गुडघ्यांवर बसून सिमेंट थापत. पोरं दगड आणत, वाळू आणत. कुणाच्या मामानं उयुनीच्या रणातलं मीठ पोत्यानं पाठवलं, ते पांढऱ्या भागावर पसरलं. युंगासच्या उतारांसाठी शेवाळ आणलं. चाकोच्या कोरड्या रानासाठी काटे. शाळेच्या फाटकाशी इलारियाची हातगाडी असते. सकाळी जांभळ्या मक्याची गरम आपी आणि चीज घालून तळलेल्या पुऱ्या विकते ती. एरवी दहा वाजता घरी जायची. आता दुपारचीही थांबायला लागली. "गिऱ्हाईक असतं," म्हणायची. गिऱ्हाईक कसलं! फाटकातून नकाशा समोर दिसायचा.

एकदा तिनं जे पाहिलं ते मीही पाहिलं. बेनीचा भाग नुकता लिंपून झाला होता. कासियानो मोजपट्टी लावून नदी कुठून कुठे जाते ते आखत होता. मेर्ली म्हणाली, "अहो सर, मामोरे नदी काय तुमच्या ओरुरो शहराचा रस्ता आहे? ती अशी सरळ जात नाही." आणि तिनं सरळ त्याचं बोट धरलं आणि ओल्या सिमेंटमधून वळणावळणानं फिरवत नेलं. इकडे वळण, तिकडे वळण, मध्येच मागे. तो हसत होता. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण शाळकरी पोरासारखा हसत होता.

इलारियानं आपीचा डाव भांड्यात असा आपटला की रांगेतल्या पोराच्या सदऱ्यावर जांभळे डाग उडाले.

त्यानंतर मेर्लीला तिच्या गाडीवर गाळ मिळायला लागला. आपी तळाची, साखर नसलेली. पुरी कालची. मेर्लीला पत्ताच नाही. पीत पीत म्हणायची, "ताई, तुमच्या हाताला काय चव आहे हो! आमच्याकडे इतकं गरम कुणी पीतच नाही."

"तुमच्याकडे सगळं कोमटच असेल," इलारिया म्हणायची.

"हो ना! पाणीसुद्धा!" आणि ती हसायची.

तिळपापड व्हायचा इलारियाचा. टोमणा मारावा आणि समोरच्याला तो लागूच नये, यासारखं दुसरं दुःख नाही.

घरी कासियानो बोलायला लागला होता. इतकी वर्षं जेवताना न बोललेला माणूस. म्हणे बेनीत पावसाळ्यात गाई होडीतून नेतात. म्हणे नदीत गुलाबी मोठे मासे असतात, माणसाच्या आवाजावर वर येतात आणि श्वास सोडतात. म्हणे पाण्यावर हिरव्या पानांची अख्खी बेटं तरंगत जातात, आणि त्यांवर बगळे बसून प्रवास करतात. "आणि पाणी इतकं इलारिया, की पुराच्या दिवसांत दुसरा काठ दिसत नाही!"

इलारियानं ताट उचललं. "माझ्याही तळ्याचा दिसत नव्हता," ती म्हणाली.

तो गप्प झाला. पण चूक झाली म्हणून गप्प झालेला माणूस वेगळा आणि दुसरीकडे पोचलेला माणूस वेगळा. तिला कळलं की तो तिथे नाहीच.

आता तळ्याचं सांगायला हवं. आम्ही उरू. तळ्याची माणसं. आमच्या वाडवडिलांकडे कधी जमीन नव्हती. पोओपो तळं हीच जमीन. मासे धरायचे, पाणपक्ष्यांची अंडी आणायची, लव्हाळ्याच्या होड्या बांधायच्या. शेतवाले आयमारा आम्हाला पाणकोंबड्या म्हणायचे. म्हणू देत. आमच्याकडे भूक कधी नव्हती. कासियानो आयमारा, तरुणपणी आमच्या काठच्या शाळेवर मास्तर म्हणून आला. त्याला पाण्याची भीती. इलारियाच्या बापानं त्याला मासा भाजून खायला शिकवलं आणि इलारियानं बाकीचं. लग्नाला त्याच्या आईचा विरोध होता. "पाणकोंबडी घरात आणशील तर घर ओलं होईल," असं ती म्हणाली होती, आणि इलारिया ते अजून सांगते.

मग तळं आटत गेलं. एका वर्षात नाही, पण शेवटी शेवटी इतकं भराभर, की सकाळी बांधलेली होडी दुसऱ्या सकाळी चिखलात. आधी मासे मेले, मग पक्षी गेले, मग माणसं पांगली. काही मिठाच्या कामावर, काही खाणीत. आता जोरदार पावसाच्या वर्षी ढोपरभर पाणी येतं आणि थंडीपर्यंत उडून जातं. इलारियाचा धाकटा भाऊ रुफिनो आणि चारपाच घरं अजून काठाला धरून आहेत, म्हणजे जो काठ होता त्याला.

तर अशी बाई. तिच्या नवऱ्याला आता पाण्याचं वेड लागलं होतं, आणि ते पाणी दुसरीचं होतं.

"तेओ," ती मला म्हणाली, "सवत बाईमाणूस असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. नदीचं काय उपटू?"

"अगं, नदी नाही, नुसत्या गप्पा आहेत."

"माझ्याकडे गप्पासुद्धा उरल्या नाहीत. मी काय सांगू त्याला? की धूळ आज कुठून आली?"

समुद्राच्या दिवसाला आठवडा उरला तेव्हा रंग आले. पोरांनी पहाडांना तपकिरी रंग फासला, शिखरांना पांढरा. टिटिकाका निळं झालं. बेनीच्या नद्या निळ्या झाल्या, एकेक करून, पाटीवर नावं लिहावीत तशा. सेवेरो सरांनी स्वतः ब्रश घेऊन सरहद्दीच्या बाहेर, पश्चिमेला, हातभर रुंद निळा पट्टा ओढला आणि वर लिहिलं, "हा समुद्र आमचा होता." लिहून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. दर वर्षी पुसतात.

पोओपोची वाटी कोरलेली होती. तिच्यात कासियानोनं मातकट रंग भरला.

मधल्या सुट्टीची वेळ. इलारिया शिक्षकांसाठी आपीची किटली घेऊन आत आली होती. नकाशाजवळून जाताना थांबली.

"हा कसला रंग?"

कासियानोनं मान वर केली. "मातीचा."

"का?"

"कारण तिथे माती आहे, इलारिया. नकाशा खरा असायला हवा. मी पोरांना खोटं शिकवू का?"

"आणि तो?" तिनं किटलीच्या चोचीनंच निळा पट्टा दाखवला. "तो खरा आहे?"

सेवेरो सर पुढे आले. "बाई, तो समुद्र आपला होता. त्याच्यासाठीच तर हा दिवस आहे."

"कोणी पाहिला होता, सर? तुम्ही? तुमच्या आजोबांनी? इथल्या एकानं तरी त्याचं पाणी चाखलंय?" तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी या तळ्यात पोहायला शिकले. माझा बाप त्याच्या काठाला पुरलाय. कुणी न पाहिलेल्या पाण्याला निळा, आणि माझ्या पाण्याला माती?"

अंगणभर पोरं होती.

तेवढ्यात मेर्ली म्हणाली, मनापासून म्हणाली, "ताई, मी सरांना हेच सांगत होते. तळं निळं ठेवा म्हटलं. दोनदा म्हटलं."

ती गप्प बसली असती तर त्या दिवशी काही झालं नसतं. इलारिया वळली.

"तू सांगत होतीस?"

"हो, म्हणजे मला वाईट वाटलं..."

"माझ्या तळ्याची वकिली तू करणार? तुला वाईट वाटणार? एवढ्या नद्या अंगावर घेऊन बसलीस, त्यांतली एखादी दे की मला भीक म्हणून!"

आणि तिनं किटली उलटी केली. वाफाळलेली जांभळी आपी पूर्ण बेनीवर ओतली. रंग ओला होता. निळ्यात जांभळा मिसळला, मामोरेची वळणं भरली, काठ फुटले, शेजारच्या सांताक्रूझपर्यंत ओघळ गेले. दालचिनीचा तुकडा बेनीतल्या त्रिनिदाद शहराच्या जरा वर जाऊन अडकला. पहिलीतलं एक पोर फिस्सकन हसलं, मी त्याला जवळ ओढून तोंड दाबलं.

कासियानो उभा राहिला. त्याचे हात मातकट रंगानं भरले होते. "तळं गेलं, इलारिया," तो म्हणाला. "सगळ्या जगाला कळलं. तुला एकटीला कळत नाही."

तिनं किटली खाली ठेवली, झाकण नीट बसवलं आणि फाटकातून बाहेर गेली. हातगाडी तिथेच सोडून. दुपारच्या गाडीनं ती रुफिनोकडे गेली.

तो तिला आणायला गेला नाही. रोज शाळेत यायचा, बेनी खरवडायचा, पुन्हा रंगवायचा. जांभळा डाग खालून वर यायचा. मेर्ली त्याच्याजवळ जात नव्हती. गावात मात्र चर्चा रंगली होती. पावाच्या दुकानात बायका म्हणत, "कांबा बायका अशाच, पाण्यासारख्या, उतार दिसला की वाहिल्या." मेर्ली दुकानात शिरली की गप्प व्हायच्या. आता टोमणे तिला लागायला लागले होते.

चौथ्या का पाचव्या दिवशी ती माझ्या वर्गाच्या दाराशी आली. "तेओ बाई, मला इलारियाताईंकडे न्या."

"मार खाशील."

"खाईन."

हमरस्त्यापर्यंत मिनीबस, पुढे किन्वाच्या ट्रकच्या मागे बसून. वारा असा की डोळे उघडवत नव्हते. मेर्लीच्या नाकातून रक्त यायला लागलं. तिनं डोकं मागे टाकलं आणि रुमाल धरून तशीच बसून राहिली. रुफिनोच्या घरामागून तळ्याचा तळ सुरू होतो. भेगाळलेला, मिठानं पांढरा, मध्येमध्ये नुकत्या पावसाचं डबकं. इलारिया तिथेच एका पालथ्या होडीवर बसून लोकर कातत होती. आम्हाला पाहून तिनं चाती थांबवली नाही.

"नवऱ्यानं पाठवलं?"

"नाही. त्यांना यायची लाज वाटते," मेर्ली म्हणाली.

"तुला नाही वाटत?"

"वाटते. आमच्याकडे लाज वाटली तरी जातात."

मेर्ली खाली बसली, सरळ मिठावरच. इकडेतिकडे पाहिलं. आकाशापर्यंत काहीच नव्हतं. तिनं "किती वाईट" असं म्हटलं असतं तर इलारियानं तिला हाकललं असतं. ती तसं काही बोलली नाही.

"पाण्याचं कौतुक मला नाही, ताई," ती म्हणाली. "एका पुरात आमच्या घरात छपरापर्यंत पाणी होतं. आई आणि मी तीन आठवडे शाळेच्या गच्चीवर राहिलो, सापांसकट. बदलीचा अर्ज भरताना मी सगळ्यात उंच गाव मागितलं. सरांना मी गुलाबी मासे सांगितले, कारण त्यांना तेच ऐकायचं होतं. साप सांगितले नाहीत."

"तो ऐकतो म्हणून तू सांगतेस. बोट धरून सांगतेस."

मेर्लीनं रुमाल नाकावरून काढला. "हो."

इलारियाची चाती थांबली.

"आवडतो तुला तो?"

मी मधे पडणार होते. मेर्लीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. "आवडला होता. खोटं कशाला बोलू? इथे थंडीत माझ्याशी नीट बोलणारा तो एकच माणूस. पण त्याला काहीही सांगा, ताई. होडी म्हटलं की, 'इलारियाचा बाप अशी बांधायचा.' मासा म्हटलं की, 'इलारिया डोळे आधी खाते.' बगळा म्हटलं की, 'इलारिया त्यांची नक्कल करते.' तुमच्या नावाचा मला वीट आला होता. तुम्ही मला गाळ प्यायला देत होतात ना, ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी मुद्दाम पीत होते. म्हटलं, देऊ दे, माणूस तर हिचाच आहे, निदान गाळ तरी हिनं द्यावा."

मला वाटलं, आता हिच्या कानाखाली बसणार. पण इलारियाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. राग होताच, पण त्यावर एक समाधान आलं होतं. आपली शंका खरी होती, आपण वेड्या नव्हतो, याचं समाधान. आणि दुसरीही आपल्यावर जळत होती याचं तर त्याहून जास्त.

"कालची पुरी पण कळत होती?" तिनं विचारलं.

"परवाची होती ती."

इलारिया आत गेली. तिनं वाटीभर पेज आणून मेर्लीच्या पुढे ठेवली. ठेवली म्हणजे आदळली. पण गरम होती.

ती आमच्याबरोबर परत आली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःहून आली, आणि घरी न जाता थेट शाळेत. तळं मातकट ठेवून समुद्राचा दिवस होऊ द्यायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. कासियानो पायरीवर बसला होता. तो उठला.

"निळा डबा तिथे आहे," तो हळूच म्हणाला.

"निळा कुणी मागितला?"

तिनं रंग मागितले ते ऐकून सेवेरो सर चक्रावले. तिनं वाटी खरवडली आणि मग बोटांनीच भरायला लागली. मध्ये हिरवट राखाडी, सकाळच्या पाण्याचा. उत्तरेला, नदी येऊन मिळायची तिथे, लालसर. कडेनं मिठाचा पांढरा. लव्हाळ्यांचे पिवळे ठिपके, जिथे बापाची जागा होती नेमके तिथे. दक्षिणेकडे गुलाबी, रोहित पक्ष्यांचा. "तळं कधी निळं नव्हतंच," ती काम करताना म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "निळं लांबून बघणाऱ्यांना दिसतं."

कासियानो तिच्याशेजारी बसला होता. एकदा त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा तिच्याजवळ सरकवला, तिनं घेतला. घरी ती त्याच दिवशी गेली, पण आठवडाभर त्याला अळणी जेवण मिळालं.

समुद्राचा दिवस झाला. बँड वाजला. पाहुणे म्हणून आलेल्या तपासनीस साहेबांनी विचारलं, "हे रंगीबेरंगी काय आहे? नकाशाच्या रंगसूचीत हा रंग नाही." मुख्याध्यापक घाम पुसत राहिले. कासियानोनं उत्तर दिलं, "साहेब, ते पोओपो आहे. सूचीत बसत नाही." साहेबांनी मान डोलावली आणि नाश्त्याकडे गेले.

इथे गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं. मला नाही वाटलं. कारण कासियानोचं पाण्याचं वेड गेलं नव्हतं, नुसतं मुकं झालं होतं. तो आता नदीचं नाव काढत नसे. जेवताना गप्प, पण नजर खिडकीबाहेर पूर्वेला.

जुलैत हिवाळ्याची सुट्टी लागली. मेर्ली आईकडे निघाली. आणि इलारियानं एका सकाळी नवऱ्यापुढे पिशवी आणून ठेवली. आत सुकं मांस, बटाटे, लोकरी मोजे.

"जा," ती म्हणाली. "बघून ये एकदा."

"कुठे?"

"सोंग नको करूस. मेर्लीची आई त्रिनिदादला खोल्या भाड्यानं देते. मी विचारलंय."

त्यानं पिशवीतले मोजे काढून उलटसुलट करून पाहिले. "तू पण चल."

"मला नको तिचं पाणी."

तो गेला. मी ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसेना. "इलारिया, अगं तुझं डोकं फिरलंय का? तिच्याच घरी पाठवलंस?"

"नसतं पाठवलं तर रोज इथे बसून तिथे गेला असता," ती म्हणाली. "तसा गेलेला माणूस परत कधी आला हे कळतसुद्धा नाही."

पण बोलणं सोपं. सुट्टी संपत आली तशी तिची झोप उडाली. त्यातच देशात रस्ते बंद झाले. कोणत्या तरी मागणीसाठी बेनीहून वर येणाऱ्या वाटेवर, चापारेत आणि कोचाबांबाच्या घाटात, लोकांनी झाडं, दगड, जळते टायर टाकून गाड्या अडवल्या. आमच्याकडे हे दर वर्षी होतं, पण त्या वर्षी लांबलं. कासियानोचा फोन लागेना. मेर्ली विमानानं ला पाझला उतरून शाळेत हजर झाली. विमानाचं तिकीट कासियानोला परवडणारं नव्हतं, तो आदल्याच दिवशी बसनं निघाला होता, असं ती सांगत होती. तिच्यावर कुणाचा विश्वास? पावाच्या दुकानात ठरूनच गेलं की मास्तर तिकडे राहिला. एक बाई इलारियाला तोंडावर म्हणाली, "तूच पिशवी भरून दिलीस म्हणे?"

"भरली," इलारिया म्हणाली. "तुझ्या नवऱ्याची पण भरून देऊ का?"

पण घरी येऊन ती माझ्यासमोर रडली. मेर्ली रोज तिच्या गाडीवर यायची आणि रांगेत उभी राहायची. इलारिया तिला ताजी आपी द्यायची आणि तिच्याकडे बघायची नाही. एकदाच तिनं विचारलं, "तिकडे असताना माझं नाव घेत होता का?"

"नाही," मेर्ली म्हणाली. "एकदाही नाही. नदीकडे बघत बसायचा."

खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण इलारियानं मान हलवली, जणू तिला खरं ऐकल्याचं बरं वाटलं.

कासियानो आला तो एका दुपारी, हमरस्त्याच्या बाजूनं, चालत. दोन घाट त्यानं अडलेल्या ट्रकांच्या रांगांमधून पायी काढले होते. ओठ फुटलेले, मान उन्हानं सोललेली, हातांवर डासांचे फोड, एक बूट दोरीनं बांधलेला. इलारिया हातगाडीजवळ होती. तिनं त्याला लांबून पाहिलं आणि हातातली पुरी तळून पूर्ण होईपर्यंत कढईवरून नजर हलवली नाही. मग गाडी माझ्या हवाली करून त्याच्या पुढे पुढे चालत घरी गेली.

पुढचं तिनंच मला सांगितलं. तिनं पाणी तापवलं, मीठ टाकलं, त्याचे पाय परातीत घातले. तो कण्हत होता. ती समोर स्टुलावर बसली.

"सांग," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. पाणी कसलं आहे, रंग कोणता, वास येतो का."

त्यानं सांगायला सुरुवात केली. पाणी चहाच्या रंगाचं आहे. सकाळी वाफ निघते. गुलाबी मासे खरंच वर येतात, पण हाकेला नाही, त्यांच्या मनाला येईल तेव्हा. सांगताना त्याचा आवाज पुन्हा तसाच झाला, भातावरच्या केळ्यासारखा गोड, आणि इलारिया पुन्हा तशीच जळली. तरी ती उठली नाही. पाणी गार झालं तसं तिनं वरून गरम ओतलं.

बोलता बोलता त्याची मान कलली. डोळे मिटले.

इलारियानं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

"झोपू नकोस. पुढे सांग. पहिल्या दिवशी तिच्या आईनं काय वाढलं होतं?"